जर्मन-तुर्की दुभाषी शोधायचाय, तोही समाजशास्त्राची जाण असलेला? मग हे वाचाच

जर्मनीत तुर्की मुळं असलेले सुमारे तीस लाख लोक राहतात. बर्लिनच्या क्रॉइट्सबर्ग भागात भाजी घ्यायला गेलात, तर दुकानदार तुमच्याशी जर्मन बोलेल, बायकोशी तुर्की बोलेल आणि पोराला ओरडताना दोन्हींची खिचडी करेल. अशा देशात जर्मनचं तुर्की करून सांगणारा माणूस मिळणं ही काय मोठी गोष्ट, असं कुणालाही वाटेल.

दोन्ही भाषा बोलणारा माणूस खरंच पाच मिनिटांत मिळतो. गाडी अडते ती पुढे. एखाद्या जर्मन प्राध्यापकाचं स्थलांतरावरचं भाषण इस्तंबूलच्या श्रोत्यांना जसंच्या तसं कळायला हवं असेल, किंवा १९६० च्या दशकात कारखान्यात कामाला आलेल्या तुर्की आजीची दोन तासांची मुलाखत संशोधनासाठी घ्यायची असेल, तर दुकानदाराचा मुलगा पुरत नाही. कारण अशा ठिकाणी एक शब्द इकडचा तिकडे झाला तर निष्कर्ष बदलतो. तो निष्कर्ष अहवालात जातो आणि अहवालावरून कुठल्या वस्तीत कुठली योजना द्यायची हे ठरतं.

याचा आपल्याशी काय संबंध? जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये सध्या सर्वात मोठा गट भारतीयांचा आहे. त्यात इंजिनिअरिंगवाले जास्त हे खरंच, पण समाजकार्य, स्थलांतर, शहरनियोजन, सार्वजनिक आरोग्य असे विषय घेऊन गेलेली मराठी मुलंमुलीही आहेत. त्यांचं प्रत्यक्ष वस्तीतलं काम अनेकदा तुर्की वस्त्यांमध्येच येतं. पुण्यात मॅक्समुल्लर भवनात शिकलेलं जर्मन तिथे अर्ध्या वाटेपर्यंतच नेतं.

दुभाषी आणि अनुवादक, दोन वेगळी माणसं

शोध सुरू करण्याआधी हा घोळ मिटवा. मराठीत आपण दोघांनाही सर्रास ‘ट्रान्सलेटर’ म्हणतो. जर्मनीत मात्र लिहिलेल्या मजकुराचं भाषांतर करणारा तो ‘यूबरझेट्सर’ आणि बोललेलं बोलून सांगणारा तो ‘डोल्मेचर’. तुर्कीतही लेखी काम करणारा ‘म्युतेर्जिम’ आणि तोंडी काम करणारा ‘तेर्जुमान’ असा जुना भेद आहे. नवा शब्द ‘चेविर्मेन’ दोघांनाही चालतो, त्यामुळे तुर्की जाहिरात वाचताना ‘सोझ्लू’ म्हणजे तोंडी असं लिहिलंय का, हे बघावं लागतं.

यातली एक गंमत सांगायलाच हवी. ‘डोल्मेचर’ हा अस्सल जर्मन वाटणारा शब्द मुळात तुर्की भाषाकुळातला आहे. तुर्कीत दुभाष्याला ‘दिलमाच’ म्हणत. तो शब्द हंगेरियन आणि स्लाव्ह भाषांतून फिरत फिरत जर्मनमध्ये पोहोचला. तुर्कांनी मात्र पुढे स्वतःसाठी अरबीतून आलेला ‘तेर्जुमान’ वापरला. आपल्या जुन्या कागदपत्रांतला ‘तर्जुमा’ त्याच घराण्यातला.

उत्तम अनुवादक उत्तम दुभाषी असेलच असं नाही. पहिल्याला कोश उघडायला वेळ असतो, दुसऱ्याला दोन सेकंदही नसतात. जर्मनमध्ये वाक्याचं क्रियापद, किंवा त्याचा तुटून मागे राहिलेला तुकडा, अनेकदा शेवटी येतो. तुर्कीत तर आपल्या मराठीसारखं क्रियापद नेहमी शेवटीच. त्यामुळे सोबतच बोलणाऱ्या दुभाष्याला जर्मन वक्त्याचं वाक्य संपायची वाट बघायची आणि तेवढ्यात स्वतःचं तुर्की वाक्य जुळवायचं, अशी कसरत करावी लागते. दोघांची क्रियापदं शेवटी, म्हणजे काम सोपं, असं वाटतं खरं. पण मधल्या सगळ्या विशेषणांचा आणि पोटवाक्यांचा क्रम उलटतो, आणि सगळा कस तिथेच लागतो.

प्राध्यापक जर्मन बोलायचे, शेजारी उभा माणूस तुर्की

या दोन भाषांमधली समाजशास्त्राची ये-जा आजची नाही. १९३३ साली तुर्कस्तानने जुनं ‘दारुल्फुनून’ बंद करून इस्तंबूल विद्यापीठ नव्याने उभं केलं. त्याच वर्षी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू आणि विरोधी विचारांच्या प्राध्यापकांना विद्यापीठांतून हाकललं गेलं. फिलिप श्वार्ट्स नावाच्या डॉक्टरने झ्युरिकमध्ये अशा प्राध्यापकांसाठी संघटना काढली आणि तुर्की सरकारशी बोलून त्यांच्यातल्या कितीतरी जणांना इस्तंबूलला नोकऱ्या मिळवून दिल्या. अर्थतज्ज्ञ फ्रिट्स नॉयमार्क, समाजधोरणाचे गेरहार्ड केसलर, कायद्याचे एर्न्स्ट हिर्श ही त्यातली मोठी नावं. पुढे पश्चिम बर्लिनचे महापौर झालेले एर्न्स्ट रॉयटर १९३५ पासून अंकारात होते आणि तिथे नगररचना शिकवत होते.

आता ही मंडळी शिकवणार कशी? करारातच अट होती की काही वर्षांत तुर्की शिकून तुर्कीतूनच शिकवायचं. तोपर्यंत प्राध्यापक जर्मन किंवा फ्रेंचमध्ये बोलायचे आणि शेजारी उभा राहिलेला तुर्की सहायक वाक्यामागून वाक्य तुर्कीत सांगायचा. नॉयमार्क आणि हिर्श पुढे स्वतःच तुर्कीतून शिकवू लागले, पुस्तकंही लिहिली. पण सुरुवातीच्या वर्षांत कितीतरी संकल्पनांना पहिला तुर्की शब्द मिळाला तो त्या शेजारी उभ्या असलेल्या सहायकाकडून, तोही वर्ग चालू असताना.

दुसरं वळण ३० ऑक्टोबर १९६१ चं. त्या दिवशी पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगारभरतीचा करार झाला. १९७३ च्या नोव्हेंबरात भरती थांबेपर्यंत लाखो तुर्की कामगार ‘गास्टआर्बाइटर’ म्हणजे पाहुणे कामगार म्हणून आले. ऑस्ट्रियाने असाच करार १९६४ मध्ये केला. कारखान्यांनी आणि कामगार-वसतिगृहांनी दुभाषे नेमले. ते मालकाच्या पगारावर, त्यामुळे कामगार आपलं गाऱ्हाणं त्यांच्यासमोर किती मोकळेपणाने सांगणार, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. संशोधनासाठी दुभाषी नेमताना तो आजही विचारावा लागतो. समोरच्याला हा माणूस कुणाचा वाटतोय?

अडतं कुठे? या शब्दांमध्ये

समाजशास्त्राचे शब्द दिसायला साधे असतात. वैद्यकीय शब्द अडला तर दुभाष्याला कळतं तरी की आपल्याला हा शब्द येत नाही. इथे शब्द येतो, आणि तरी चुकतो.

फर्डिनांड टोनिस या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १८८७ साली ‘गेमाइनशाफ्ट’ आणि ‘गेझेलशाफ्ट’ अशी जोडी मांडली. गाव, नातीगोती, शेजारपाजार यांनी बांधलेला समूह तो गेमाइनशाफ्ट, आणि करार, व्यवहार, शहर यांनी जोडलेला समाज तो गेझेलशाफ्ट. तुर्कीत यासाठी जुनी जोडी आहे ‘जेमाअत’ आणि ‘जेमियेत’. जेमाअत म्हणजे आपल्या ‘जमात’चाच भाऊ. पुस्तकात तो ठीक दिसतो. पण आजच्या तुर्कीत ‘जेमाअत’ म्हटलं की ऐकणाऱ्याला मशिदीतले नमाजी किंवा एखादा धार्मिक गट आठवतो. त्यातही गेल्या दशकात हा शब्द गुलेन चळवळीसाठी इतका वापरला गेला, आणि २०१६ च्या फसलेल्या लष्करी उठावानंतर त्या चळवळीशी नाव जोडलं जाणं इतकं महागात पडू लागलं, की ‘तुम्ही तुमच्या जेमाअतमध्ये कधी भेटता?’ हा प्रश्न मुलाखतीत विचारला तर समोरचा माणूस उठून जाऊ शकतो. जाणकार दुभाषी तिथे ‘तोप्लुलुक’ म्हणेल. टोनिसवरच्या व्याख्यानात मात्र तोच दुभाषी जुनी जोडी वापरेल आणि एका वाक्यात खुलासाही करेल.

‘इंटेग्राट्सियोन’ घ्या. जर्मन राजकारणात गेली अनेक वर्षं घोळत असलेला शब्द. तुर्कीत त्याला दोन पर्याय आहेत. ‘एंतेग्रास्योन’, जो फ्रेंच वळणाने आला, आणि ‘उयुम’, ज्याचा अर्थ जुळवून घेणं, मेळ. सरकारी तुर्की कागदात बहुधा ‘उयुम’ येतो. आता जर्मन वक्ता म्हणतोय की ही दोन्ही बाजूंनी चालणारी प्रक्रिया आहे, आणि श्रोत्याच्या कानावर पडतंय ‘जुळवून घ्या’. भांडण तिथेच सुरू होतं, आणि वक्त्याला कळतच नाही की आपण असं काय बोललो.

‘मिग्रात्सियोन्सहिंटरग्रुंड’ हा तर खास सरकारी शब्द. स्थलांतराची पार्श्वभूमी. जर्मन जनगणना-सर्वेक्षणांत तो २००५ पासून आला, आणि त्याची व्याख्या अगदी नेमकी आहे: स्वतःला किंवा आई-वडिलांपैकी किमान एकाला जन्मतः जर्मन नागरिकत्व नव्हतं, अशी व्यक्ती. तुर्कीत याचं सहसा ‘गोच्मेन कोकेन्ली’ म्हणजे स्थलांतरित मुळांचा असं होतं. व्याख्या नागरिकत्वाची, शब्द मुळांचा. आकडेवारीवर बोलणं चालू असेल तर हा फरक सांगणारा दुभाषी हवा.

इज्जतीचा विषय निघाला की उलट दिशेने अडतं. तुर्कीत ‘नामुस’ वेगळं आणि ‘शेरेफ’ वेगळं. शेरेफ म्हणजे माणसाने कमावलेला मान, प्रतिष्ठा. नामुस मुख्यतः घरातल्या बाईच्या चारित्र्याशी जोडलेली अब्रू. जर्मनमध्ये दोन्हींना एकच शब्द वापरला जातो, ‘एरं’. कौटुंबिक हिंसेवरच्या मुलाखतीत बाई नेमकं काय म्हणाली, नामुस की शेरेफ, हे जर्मन मजकुरात पुसलं गेलं तर त्या मुलाखतीतला गाभाच गेला.

आणि माझ्या मते सर्वात नाजूक जागा शब्दांत नाहीच, व्याकरणात आहे. तुर्कीत ‘गेल्दी’ म्हणजे आला, बोलणाऱ्याने पाहिलंय किंवा त्याला खात्री आहे. ‘गेल्मिश’ म्हणजे आला म्हणे, किंवा आलेला दिसतोय. मराठी माणसाला हे चटकन कळतं, कारण आपल्याकडे ‘म्हणे’ आहेच. जर्मनमध्ये यासाठी क्रियापदाचं वेगळं रूप रोज वापरात नाही. मग दुभाषी काय करतो? एक तर ते गाळतो, आणि ऐकीव गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली होते. नाहीतर ‘आंगेब्लिश’ असा शब्द घालतो, ज्यात ‘असं आपलं तो म्हणतो, खरं-खोटं देव जाणे’ अशी शंका असते. आजी म्हणाली, ‘फोरमन बाबांना रोज शिव्या द्यायचा म्हणे.’ अहवालात आलं, ‘फोरमन कथितरीत्या शिव्या देत असे.’ आजीने शंका घेतलीच नव्हती. तिने फक्त सांगितलं की हे मला घरातून कळलं.

तुर्कीत तो, ती, ते या सगळ्यांना एकच सर्वनाम आहे, ‘ओ’. जर्मनला लिंग हवंच. साहेब होता की बाई होती, हे मुलाखत देणाऱ्याने सांगितलं नसेल तर दुभाष्याने विचारलं पाहिजे, स्वतःच्या मनाने ‘साहेब होता’ करून टाकायचं नाही. मशीन भाषांतर नेमकं हेच करायचं, ‘डॉक्टर’ला पुरुष आणि ‘नर्स’ला स्त्री करायचं, आणि त्यावर तुर्कीचं उदाहरण देऊन पुष्कळ टीकाही झाली.

शब्दांच्या निवडीतून माणसाची बाजूही कळते. १९३२ साली भाषा-संस्था स्थापन झाल्यावर तुर्कस्तानात अरबी-फारसी शब्द काढून शुद्ध तुर्की शब्द आणण्याची मोहीम चालली. (त्या संस्थेच्या स्वतःच्या जुन्या नावातही ‘जेमियेत’ होता. तोही १९३४ मध्ये बदलावा लागला.) त्यामुळे राष्ट्राला ‘मिल्लेत’ म्हणायचं की ‘उलुस’, स्वातंत्र्याला ‘हुर्रियेत’ की ‘ओझ्गुर्लुक’, यावरून ऐकणारा अंदाज बांधतो की बोलणारा कुठल्या गोटातला. आपल्याकडे ‘तारीख’ आणि ‘दिनांक’मध्ये जेवढा फरक आहे त्याहून हे बरंच तिखट आहे. दुभाष्याने वक्त्याच्या तोंडी भलत्या गोटातला शब्द घातला तर सभागृहाचा सूर बदलतो.

मग शोधायचं कुठे?

सुरुवात जर्मनीतल्या दुभाषी-अनुवादकांच्या सर्वात मोठ्या संघटनेपासून करा. तिचं लघुनाव बीडीयू, स्थापना १९५५ ची. तिच्या संकेतस्थळावर भाषा, शहर, तोंडी की लेखी आणि विशेष विषय टाकून शोधता येतं. सदस्य होण्यासाठी पात्रता दाखवावी लागते, हे महत्त्वाचं. कारण जर्मनीत ‘डोल्मेचर’ ही पदवी कायद्याने राखीव नाही. उद्या कुणीही पाटी लावू शकतो. परिषदांसाठी याच संघटनेची व्हीकेडी ही वेगळी शाखा आहे. जागतिक पातळीवर जिनिव्हात मुख्यालय असलेली आयिक ही १९५३ पासूनची परिषद-दुभाष्यांची संघटना. तिथे जुन्या सदस्यांच्या शिफारशीशिवाय प्रवेश नाही. तुर्कस्तानात परिषद-दुभाष्यांची स्वतःची संघटना आहे, लघुनाव टीकेटीडी. कार्यक्रम इस्तंबूल किंवा अंकाराला असेल तर आधी तिथेच बघा, जर्मनीतून माणूस विमानाने नेण्याची गरज पडत नाही.

आणखी एक यादी सगळ्यांना गुगलवर पहिली सापडते: जर्मन राज्यांच्या न्यायखात्यांची शपथबद्ध दुभाष्यांची सामायिक यादी. त्यात तुर्कीची नावं भरपूर आहेत. लोक समजतात, कोर्टाचा दुभाषी म्हणजे सर्वात वरचा दर्जा. कोर्टासाठी आहेच. त्याने ‘प्रामाणिकपणे आणि काटेकोरपणे’ भाषांतर करण्याची शपथ घेतलेली असते, कायद्याची भाषा त्याला येते. टोनिस येतो की नाही, हे त्या शपथेत कुठेही नाही. तुर्कस्तानात ‘येमिन्ली तेर्जुमान’ म्हणजे नोटरीसमोर शपथ घेतलेला अनुवादक. जन्मदाखला, गुणपत्रिका, करार यांसाठी तो लागतो. व्याख्यानासाठी त्या शिक्क्याचा उपयोग नाही.

याद्यांमधल्या ‘विशेष विषय’ या रकान्याबद्दल एक सावधगिरी. तो बहुतेक ठिकाणी ज्याचा त्यानेच भरलेला असतो. ‘समाजशास्त्र, संस्कृती, राजकारण, पर्यटन, वाहन उद्योग’ असं सगळं एकत्र लिहिलेलं दिसलं तर समजून घ्या. जर्मन राज्य परीक्षा दिलेल्या माणसाला मात्र परीक्षेसाठी एक विषय निवडावा लागलेला असतो. तो कोणता होता, हे सरळ विचारा.

माझा अनुभव म्हणाल तर चांगली नावं याद्यांपेक्षा संशोधनाच्या कट्ट्यांवर लवकर मिळतात. एसेनमध्ये तुर्कस्तान आणि स्थलांतर यांवर काम करणारं, १९८५ साली स्थापन झालेलं अभ्यासकेंद्र आहे, त्याचं लघुनाव झेडएफटीआय. कोलोनचं डोमिड हे स्थलांतराचं संग्रहालय-दप्तर १९९० मध्ये तुर्की स्थलांतरितांनीच सुरू केलं आणि तिथे मुलाखतींचा मोठा साठा आहे. इस्तंबूलमध्ये ओरिएंट-इन्स्टिट्यूट आहे, आणि बेयकोझ भागात तुर्की-जर्मन विद्यापीठ, जिथे २०१३ पासून शिकवणं सुरू झालं. अशा ठिकाणी मेल टाकून एवढंच विचारा की तुमच्या मागच्या परिषदेत किंवा प्रकल्पात दुभाषी कोण होते आणि तुम्ही त्यांना पुन्हा बोलवाल का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त कामाचं.

शिकवणाऱ्या संस्थांकडेही जाता येतं. जर्मनीत माइन्झ विद्यापीठाचा गेर्मर्सहाइमचा विभाग, ऑस्ट्रियात ग्राझ, तुर्कस्तानात अंकाराचं हाजेत्तेपे आणि इस्तंबूलचं मार्मारा. तिथले प्राध्यापक चांगल्या माजी विद्यार्थ्यांची नावं देऊ शकतात. कमी पैशांत काम करायचं असेल तर शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही मिळतात, पण त्यांना मोठ्या परिषदेत एकटं बसवू नका.

एक वाट मात्र फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. २०१६ मध्ये तुर्कस्तानातल्या हजाराहून अधिक अभ्यासकांनी कुर्द भागातल्या हिंसेविरुद्ध शांततेचं निवेदन काढलं. त्यानंतर अनेकांच्या नोकऱ्या गेल्या, काही जण जर्मनीत आले. त्यांच्यासारख्या संकटात असलेल्या संशोधकांसाठी हुम्बोल्ट फाउंडेशनने जो उपक्रम चालवला, त्याचं नाव फिलिप श्वार्ट्स उपक्रम. हो, तेच श्वार्ट्स, ज्यांनी १९३३ मध्ये उलट्या दिशेने प्राध्यापक पाठवले होते. या मंडळींमध्ये आता जर्मन शिकलेले समाजशास्त्रज्ञ आहेत. ते व्यावसायिक दुभाषी नाहीत आणि त्यांना बूथमध्ये बसवूही नये. पण दुभाष्यासाठी शब्दसूची तपासून द्यायला त्यांच्याइतकं चांगलं कुणी नाही.

निवडताना पंधरा मिनिटांचा फोन करा

नाव मिळालं की पहिला प्रश्न दिशेचा. परिषद-दुभाषी आपल्या भाषांना अ, ब, क असे दर्जे लावतात. अ म्हणजे मातृभाषा, ब म्हणजे जिच्यात तो बोलू शकतो पण ती मातृभाषा नाही, क म्हणजे फक्त समजते. जर्मनमधून तुर्कीत न्यायचं असेल तर तुर्की अ असलेला माणूस शोधा. इथे एक नाजूक गोष्ट आहे. जर्मनीतच जन्मलेल्या, वाढलेल्या अनेकांचं तुर्की घरातलं असतं. आजीशी ते झकास बोलतात, पण विद्यापीठातलं तुर्की त्यांनी कधी वाचलेलं नसतं. उलट अंकाराहून आलेल्या दुभाष्याचं पुस्तकी तुर्की पक्कं, पण डुइसबुर्गच्या मार्क्सलोह भागातली जर्मनमिश्रित तुर्की ऐकून तो गडबडतो. परिषदेला दुसरा बरा, वस्तीतल्या मुलाखतीला बहुतेक वेळा पहिला.

मग कार्यक्रमातलंच एक पान पाठवा आणि फोनवर त्यातले चार-पाच शब्द विचारा. ‘इंटेग्राट्सियोन’ला काय म्हणाल? लगेच एकच उत्तर आलं तर जरा थांबा. ‘वक्ता कोण आहे, श्रोते कोण आहेत?’ असा उलटा प्रश्न आला तर माणूस बरोबर आहे. मी तर म्हणेन, प्रमाणपत्रांच्या फायलीपेक्षा हा उलटा प्रश्न जास्त सांगून जातो.

तुर्कस्तानातून आलेला प्रत्येक जण तुर्की बोलतोच असं नाही

ही चूक सगळ्यात जास्त होते. जर्मनीत तुर्कस्तानातून आलेल्यांमध्ये कुर्द लोक मोठ्या संख्येने आहेत. त्यांची घरची भाषा कुर्मांजी कुर्दिश असते, काहींची झाझाकी. जुन्या पिढीतल्या बायकांना तुर्की अर्धवटच येत असेल. शिवाय काहींसाठी तुर्की ही शाळेत मार खाऊन शिकलेली भाषा असते. अशा बाईसमोर तुर्की दुभाषी बसवला तर ती बोलेल, पण थोडंच. म्हणून मुलाखतीची वेळ ठरवतानाच विचारा, ‘तुम्हाला कुठल्या भाषेत बोलायला आवडेल?’ देश कुठला हे विचारून भाषा ठरवू नका.

दुभाष्याचा पंथ, राजकारण, गाव हे विचारणं विचित्र वाटतं आणि ते विचारूही नये. पण मुलाखत देणाऱ्याला विचारता येतं की अमुक नावाची व्यक्ती येणार आहे, चालेल ना? तुर्की समाज शहरातल्या आपल्या मंडळांसारखाच आहे, कोण कुणाचा कोण हे सगळ्यांना माहीत असतं. अलेवी कुटुंबाला सुन्नी संघटनेत ऊठबस असलेला दुभाषी नको असू शकतो, किंवा बाईला नात्यातला ओळखीचा. घरातल्या मुलाला दुभाषी करणं तर टाळाच. आईच्या आजारपणाचं किंवा मारहाणीचं भाषांतर बारा वर्षांच्या पोराने करायचं, हे जर्मनीत दवाखान्यांत आणि सरकारी कचेऱ्यांत पुष्कळ झालंय. त्या पोराने काय गाळलं, हे कुणालाच कळत नाही.

मुलाखतीत दुभाष्याने ‘मी’ वापरून बोलावं. ‘ती म्हणते की तिला भीती वाटली’ असं न करता ‘मला भीती वाटली’. आणि सारांश नको. जर्मन समाजशास्त्रात आयुष्यकथा सांगायला लावणाऱ्या मुलाखतींची मोठी परंपरा आहे. फ्रिट्स श्युट्झे या समाजशास्त्रज्ञाचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. त्यात माणूस कुठे अडखळला, कुठे विषय बदलला, हेच तर बघायचं असतं. गोड सारांश करून देणारा दुभाषी ते सगळं इस्त्री करून टाकतो.

पैसे आणि तयारी

परिषदेच्या कामाचा मोबदला सहसा दिवसावर ठरतो, तासावर नाही. सोबतच भाषांतर करायचं असेल तर एका भाषेच्या जोडीला दोन दुभाषी लागतात, कारण वीस ते तीस मिनिटांनी मेंदू थकतो आणि चुका सुरू होतात. एकाच माणसाला दिवसभर बसवणारी स्वस्त ऑफर आली तर ती स्वस्त का आहे हे तुम्हाला दुपारी कळेल. अंदाज म्हणून एक आकडा लक्षात ठेवा. जर्मन कोर्टात दुभाष्याचा दर कायद्याने ठरतो आणि २०२१ च्या दुरुस्तीत तो ताशी ८५ युरो झाला. खासगी काम याच्या खूप खाली मिळत असेल तर काहीतरी कमी मिळणार आहे. प्रवास, मुक्काम आणि कार्यक्रम रद्द झाल्यास किती द्यायचे, हे आधीच लिहून घ्या.

भाषणाचा मजकूर, स्लाइड, नावांची यादी किमान आठवडाभर आधी द्या. प्राध्यापक लोक आदल्या रात्रीपर्यंत लिहीत बसतात, हे जगभर सारखंच. निदान कच्चा मसुदा तरी मागून घ्या. आणि वक्त्याला सांगा, छापील निबंध भराभर वाचू नका. वाचलेलं भाषण पकडणं हे बोललेल्यापेक्षा कितीतरी अवघड असतं.

मुलाखतींचं रेकॉर्डिंग करत असाल तर जर्मनीत मे २०१८ पासून लागू असलेला युरोपीय माहिती-संरक्षण नियम आणि तुर्कस्तानात २०१६ चा कायदा, दोन्ही लागू होऊ शकतात. संमतीपत्र तुर्कीत किंवा कुर्दिशमध्ये हवं, फक्त जर्मनमध्ये नाही, आणि दुभाष्याकडून गोपनीयतेची सही वेगळी घ्या. रेकॉर्डिंग फुकटच्या मोबाइल ॲपवर टाकून लिखित करून घेण्याचा मोह आवरा. तो आवाज कुठल्या सर्व्हरवर जातो हे तुम्हाला सांगता येणार नाही, आणि त्या आजीने त्याला संमती दिलेली नाही. मूळ तुर्की रेकॉर्डिंग जपून ठेवा आणि त्यातली काही पानं दुसऱ्याच माणसाकडून पुन्हा जर्मनमध्ये करून घ्या. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवल्या की ‘म्हणे’ कुठे कुठे गळालं, ते लगेच दिसतं.